डॉ. एडिथ पीची : मुंबईच्या स्त्रीरुग्णांची पहिली विलायती डॉक्टर



फैजपूरचे नाव निघाले की १९३६ चे डिसेंबर महिन्यातील काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. धनाजी नाना चौधरी यांची संघटनशक्ती, नंदलाल बोस यांनी बांबूंतून उभारलेली टिळकनगरी, पंडित नेहरूंचे अध्यक्षपद हे सारे खानदेशातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच १९३६ साली, फेब्रुवारी महिन्यात, रोममध्ये एक निर्णय झाला. आपल्या धर्मभगिनींच्या जीवनावर त्याचा फार मोठा परिणाम झाला, पण त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. त्या निर्णयाकडे आपण पुढे येऊच. तत्पूर्वी एका इंग्रज स्त्रीचे चरित्र सांगणे आवश्यक आहे. ती कॅथलिक नव्हती. तरीही तिची ओळख आपल्या वाचकांना व्हावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

एडिथ पीची यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील लँगहॅम या खेड्यात झाला. वडील विल्यम पीची हे बॅप्टिस्ट पंथाचे पाळक होते. आई वकिलाची कन्या होती आणि त्या काळातील स्त्रीच्या मानाने विलक्षण सुशिक्षित होती. तिला ग्रीक भाषा येत असे. घरी विद्या होती, पण पैसा बेताचाच. अशा घरातील अविवाहित मुलीला त्या वेळी सन्मानाने करता येण्याजोगा एकच व्यवसाय होता, तो म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकविण्याचा. एडिथ यांनीही काही वर्षे तोच केला. राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये राज्य स्त्रीचे होते, परंतु स्त्रीला मत नव्हते, विद्यापीठाची पदवी नव्हती आणि विवाहित स्त्रीचा स्वतःच्या मिळकतीवर हक्कही जवळजवळ नव्हता. विलायतेतील सर्व स्त्रिया तेव्हापासूनच मोकळ्या होत्या, अशी जी समजूत आपल्याकडे आहे, ती या चरित्राने दूर व्हावी.

१८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या तरुणीने एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण मिळावे म्हणून अर्ज केला. एकट्या स्त्रीसाठी व्यवस्था करता येणार नाही, असे उत्तर मिळाल्यावर तिने सोबतिणी शोधल्या. एडिथ पीची त्यांपैकी एक होत्या. पुढे या विद्यार्थिनींची संख्या सात झाली. त्यांचे वर्ग वेगळे भरत आणि शुल्कही अधिक पडे.

पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राच्या परीक्षेत एडिथ यांनी असे गुण मिळविले की प्रथमच परीक्षेस बसलेल्यांत त्या सर्वांत वरच्या ठरल्या. या यशाबद्दल होप शिष्यवृत्ती मिळण्याचा नियम होता. परंतु प्राध्यापकांनी ती त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्यांना दिली. कारण काय, तर स्त्रिया वेगळ्या वर्गात शिकल्या, म्हणून त्या वर्गाच्या सभासदच नव्हत्या! वेगळा वर्ग विद्यापीठानेच करावयाचा आणि त्याच कारणाने हक्क नाकारावयाचा, हा न्याय विचित्रच म्हणावा लागेल. या प्रकरणाचा वृत्तपत्रांतून एवढा गाजावाजा झाला की शिष्यवृत्ती मिळाली असती तर झाले नसते एवढे नाव एडिथ यांचे झाले.

१८ नोव्हेंबर १८७० रोजी या विद्यार्थिनी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉल या इमारतीपाशी गेल्या, तेव्हा शेकडोंच्या जमावाने त्यांची वाट अडविली. त्यांच्यावर चिखल फेकण्यात आला आणि फाटक तोंडावर लावून घेण्यात आले. कोणीतरी आतून ते उघडल्यामुळे त्यांना प्रवेश मिळाला. परीक्षा सुरू असताना दंगेखोरांनी एक मेंढी सभागृहात ढकलली. मेंढीने कोणाचेही नुकसान केले नाही आणि परीक्षाही पार पडली.

तरीही पदवी मिळाली नाहीच. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८७३ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. चार वर्षांचे कष्ट कागदोपत्री शून्य झाले. एडिथ यांनी मात्र मार्ग सोडला नाही. त्या स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात गेल्या, तेथे जर्मन भाषेत परीक्षा देऊन जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी मिळविली आणि त्याच वर्षी डब्लिनच्या वैद्यक महाविद्यालयाकडून व्यवसायाचा परवानाही घेतला. त्यानंतर सहा वर्षे त्यांनी लीड्स या गिरण्यांच्या शहरात व्यवसाय केला.

मुंबईत या काळात वेगळीच अडचण होती. रुग्णालये होती, डॉक्टरही होते, परंतु पडद्यातील हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करीत. जॉर्ज किट्रिज या मुंबईतील अमेरिकन व्यापाऱ्याने यासाठी निधी उभारला. विलायतेतून स्त्री डॉक्टर आणाव्यात, स्त्रियांसाठी रुग्णालय बांधावे आणि येथील मुलींना वैद्यकाचे शिक्षण द्यावे, अशी त्याची योजना होती. पेस्तनजी होर्मसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. डॉक्टर म्हणून एडिथ पीची यांचे नाव पुढे आले. डिसेंबर १८८३ मध्ये त्या मुंबईस उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अडतीस होते.

कामा रुग्णालयाची इमारत १८८६ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत त्यांनी दवाखान्यात रुग्ण तपासले. त्या हिंदुस्थानी भाषा शिकल्या. रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय त्यांनी केली. स्त्री डॉक्टरला पुरुष डॉक्टरइतकेच वेतन मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. सेवाभावी स्त्रीने पैशांची गोष्ट काढू नये असे मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आपल्या संस्थांमधून काम करणाऱ्या परिचारिका आणि शिक्षिका यांच्या वेतनाचा प्रश्न निघतो, तेव्हा हा जुना आग्रह आम्हांस आठवतो.

मुंबईत त्या आल्यानंतर थोड्याच काळात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीकडे नांदावयास जाण्यास नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नांदावयास जा अथवा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला आणि रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. पुढे तडजोड होऊन प्रकरण मिटले. या तरुणीने डॉक्टर व्हावे म्हणून डॉ. पीची यांनी तिला उत्तेजन दिले आणि निधी जमविण्यास साहाय्य केले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे अनेक दशके स्त्रियांची सेवा केली. स्वतः डॉक्टर होणे ही एक गोष्ट झाली. परंतु आपल्यानंतर दुसरी, तीही या मातीतील, उभी करणे हे डॉ. पीची यांचे आम्हांस अधिक मोठे कार्य वाटते.

१८९० मध्ये त्यांनी मुंबईत हिंदू श्रोत्यांपुढे बालविवाहाविरुद्ध जाहीर व्याख्यान दिले. परदेशी स्त्रीने येथील चालीरीतींवर बोलावे काय, हा प्रश्न तेव्हा तीव्र होता आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे नाही; राज्यकर्त्यांच्या जातीची व्यक्ती सुधारणा सांगू लागली की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते. परंतु अकाली मातृत्वाचे परिणाम त्यांनी रुग्णालयात प्रत्यक्ष हाताळले होते आणि तो अनुभव त्यांच्या बोलण्यामागे होता. पुढील वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. त्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली, एवढीच. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा. त्यांचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. जळगावजवळच्या आसोद्यात वाढलेल्या या मुलीच्या आयुष्यावरून त्या कायद्याची धाव किती होती, हे समजून येईल.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी विवाह केला. फिप्सन वाइनचे व्यापारी होते, किट्रिज यांच्या निधीचे साहाय्यक होते आणि मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेचे अनेक वर्षे सचिव होते. त्यांच्या कचेरीत एक पाळलेला धनेश पक्षी असे. संस्थेच्या बोधचिन्हावर तो आजही दिसतो. विवाहानंतर पत्नीने व्यवसाय सोडावा, हा तत्कालीन इंग्रजी रिवाज या दांपत्याने पाळला नाही. या दोघांनी नाशिकजवळ आजारातून उठलेल्या स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी आरोग्यधामही उभारले. मधुमेहामुळे १८९४ मध्ये डॉ. पीची रुग्णालयातून निवृत्त झाल्या, पण खासगी व्यवसाय चालूच ठेवला. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हाही त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या कामात भाग घेतला. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

आता रोमकडे वळू. एडिंबरोच्याच अॅग्नेस मॅक्लॅरन या सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या मैत्रीण. त्यांनी फ्रान्समध्ये पदवी घेतली आणि डब्लिनचा परवाना मिळविला. १८९८ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू केले. डॉ. पीची यांना मुंबईत दिसलेली अडचणच तेथेही होती. तथापि येथे आणखी एक होती : ख्रिस्तसभेच्या नियमांनुसार व्रतस्थ भगिनींना वैद्यकीय व्यवसाय आणि प्रसूतीचे काम करण्यास मनाई होती. प्रॉटेस्टंट मिशनच्या स्त्री डॉक्टर गावोगाव पोहोचत असताना आमच्या भगिनी बाळंतिणीच्या दारात थांबत. मॅक्लॅरनबाईंनी उतारवयात वारंवार रोमला जाऊन हा नियम बदलावा अशी विनंती केली. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा नियम होता तसाच होता. मात्र त्यांच्याविषयीची पुस्तिका वाचून ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० मध्ये गुंटूरला आल्या आणि खास अनुज्ञा घेऊन धर्मभगिनी असतानाच डॉक्टर राहिल्या. त्यांच्याच प्रेरणेने अॅना डेंगल यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी, रोमने ही मनाई उठविली.

दहा महिन्यांनी फैजपूरचे अधिवेशन भरले. आज मिशनच्या दवाखान्यात आपल्या सिस्टर प्रसूती करतात, तेव्हा ते आपणांस स्वाभाविक वाटते. डॉ. पीची मुंबईत काम करीत होत्या त्या संपूर्ण काळात आपल्या कोणत्याही व्रतस्थ भगिनीस ते मोकळेपणाने करता येत नव्हते, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

१९०५ मध्ये डॉ. पीची इंग्लंडला परतल्या. पुढील वर्षी कोपनहेगन येथील स्त्री-मताधिकार परिषदेत त्या लीड्सच्या प्रतिनिधी होत्या. फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनला पावसात आणि चिखलात तीन हजारांवर स्त्रियांची मिरवणूक निघाली, तिच्या आघाडीवर त्या चालल्या. त्या वेळी कर्करोगाने त्यांना गाठले होते की काय, न कळे. परंतु वर्षभरातच आजार बळावला आणि १४ एप्रिल १९०८ रोजी फोकस्टन येथे वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पतीने त्यांच्या नावे लंडनच्या स्त्री-वैद्यक विद्यालयात शिष्यवृत्ती ठेविली. ती १९४८ पर्यंत दिली जात असे.

एडिंबरो विद्यापीठाने ६ जुलै २०१९ रोजी त्या सातही जणींना मरणोत्तर पदवी दिली. त्यांच्या वतीने ती स्वीकारण्यासाठी त्याच विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या मुली पुढे आल्या.