दीड डॉलरची शाळा

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, मेजव्हिल या गावाजवळ, १८७५ साली मेरी मॅक्लिऑडचा जन्म झाला. तिचे आईवडील पूर्वी गोऱ्या मळेवाल्यांचे गुलाम होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. परंतु दारिद्र्य व अवहेलना यांतून कृष्णवर्णीयांची सुटका झाली नव्हती. सतरा भावंडांत मेरी पंधरावी. लहानपणापासून ती कापूस वेचू लागली. एकदा आईबरोबर एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी गेली असता तिने सहज एक पुस्तक उचलले. तोच त्या घरातील मुलीने, तुला वाचता येत नाही, ते खाली ठेव, असे तिला बजावले. हा बोल मेरीच्या जिव्हारी लागला. पुढे मिशनची शाळा निघताच ती रोज काही मैल पायी जाऊन शिकू लागली व शिकलेले सायंकाळी घरच्यांना शिकवू लागली.

शिक्षण पुरे झाल्यावर आफ्रिकेत जाऊन सेवा करावी, अशी तिची इच्छा होती. पण कृष्णवर्णीयांना तेथे नेमीत नाहीत, असे उत्तर मिळाले. तेव्हा स्वदेशातच शिक्षिका होण्याचे तिने ठरविले. विवाहानंतर लोक तिला बेथूनबाई म्हणून ओळखू लागले.

फ्लॉरिडा राज्यातील डेटोना येथे ३ ऑक्टोबर १९०४ रोजी बाईंनी भाड्याच्या घरात मुलींची शाळा उघडली. गाठीला दीड डॉलर. विद्यार्थिनी पाच, शिवाय बाईंचा लहानगा मुलगा. बाके खोक्यांची, पेन्सिली जळक्या लाकडाच्या आणि शाई रानफळांच्या रसाची! बाई रताळ्याचे गोड पदार्थ करून मजुरांना विकीत, दारोदार वर्गणी मागत. गावाने कचरा टाकण्यासाठी वापरलेली जागा त्यांनी हप्त्याने विकत घेतली व तेथे इमारत उभारली. शाळा काढणे एक वेळ सोपे. ती महिन्यामागून महिने चालविणे किती अवघड, हे ज्याने शाळा चालविली आहे त्यालाच कळेल.

एकदा एका विद्यार्थिनीला आंत्रपुच्छाचा विकार झाला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला आत खाट न देता मागच्या ओसरीवर ठेवले. हे पाहून बाईंचा संताप अनावर झाला. पण तो त्यांनी वाया घालविला नाही. १९११ साली शाळेशेजारी त्यांचे स्वतःचे छोटे रुग्णालय सुरू झाले.

१९२० साली अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार मिळाला. कृष्णवर्णीयांनी मात्र मत देऊ नये, म्हणून त्यांच्यावर मतदानाचा कर व वाचनाची परीक्षा लादलेली होती. बाईंनी रात्रीचे वर्ग घेऊन लोकांना वाचावयास शिकविले व करासाठी पैसे जमविले. निवडणुकीच्या आदल्या रात्री पांढरे झगे व बुरखे घातलेले क्लॅन संघटनेचे लोक शाळेवर चालून आले. बाईंनी आवारातील सर्व दिवे लावले व त्या दारात उभ्या राहिल्या. मुली भजने गाऊ लागल्या. जमाव काही न करता परतला. दुसऱ्या दिवशी बाई आपल्या लोकांसह मतदानास गेल्या.

पुढे शाळेचे महाविद्यालय झाले. १९३५ साली बाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना शासनात मोठे पद दिले. बहुतेक चरित्रकार या पदाचे गोडवे गातात. मला मात्र दिवे लावून दारात उभ्या राहिलेल्या बाईच अधिक मोठ्या वाटतात.

१८ मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी त्यांच्याच महाविद्यालयाच्या आवारात आहे. २०२२ साली वॉशिंग्टन येथील संसदभवनात फ्लॉरिडा राज्याच्या वतीने त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला. त्यापूर्वी त्या राज्याच्या वतीने तेथे, गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या सैन्यातील एका सेनापतीचा पुतळा उभा होता.