घाटात रूळ आखणारे बर्कलीसाहेब

आपल्या बुरोंडीत रेल्वे नाही. गाडी पकडायची तर एसटीने दापोली आणि तिथून पुढे खेड गाठावे लागते. पण मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती गाडी एवढा बोरघाट चढते तरी कशी? हा मार्ग ज्यांच्या देखरेखीखाली आखला गेला त्या जेम्स जॉन बर्कली यांची ही माहिती.

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनमध्ये झाला. तरुणपणी ते रॉबर्ट स्टीफन्सन या नामांकित इंजिनियरच्या हाताखाली तयार झाले. हे रॉबर्ट म्हणजे आपल्या पुस्तकात येणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनचे चिरंजीव. १८४९ साली जी. आय. पी. रेल्वे कंपनीने बर्कलींना मुख्य इंजिनियर नेमले आणि १८५० च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. तो दिवस सगळ्यांना पाठ असतो. पण ते काम मानाने सोपे होते, जमीन बहुतेक सपाट होती. खरी परीक्षा पुढे सह्याद्रीत होती.

आता थोडे गणित सांगतो, कंटाळू नका. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. म्हणून एसटी चढते तसला उभा चढ साध्या आगगाडीला चालत नाही. ३७ बोटे लांबीची फळी घ्या आणि तिचे एक टोक फक्त एक बोट उचला. बघितले तर चढ आहे असे वाटणारसुद्धा नाही. पण बोरघाटातला सर्वांत कडक चढ एवढाच, ३७ ला १. आणि चढायचे होते १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. मग उपाय एकच, रस्ता लांबवायचा. बर्कलींनी अगदी पायथ्याच्या खोपोलीपासून चढ न धरता अलीकडे पळसदरीजवळून धरला आणि डोंगराच्या कुशीकुशीने रूळ नेले. असा मार्ग साडेपंचवीस किलोमीटरचा झाला. त्यात २५ बोगदे आणि ८ मोठे कमानींचे पूल आले.

एवढे करूनही खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच उरेना. तिथे त्यांनी जी युक्ती केली ती मला सर्वांत आवडते. गाडी सरळ सोंडेच्या टोकापर्यंत न्यायची. पुढे रूळ संपले. मग सांधा बदलायचा आणि गाडी उलट्या दिशेने दुसऱ्या रुळावर वर काढायची. मागचा डबा पुढे, पुढचा मागे! त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. अशी छोटी रेल्वे खोलीत मांडणाऱ्यालाही हेच कोडे पडते. टेबल एवढेच, चढ जास्त ठेवला तर इंजिन घसरते, वळण लहान केले तर डबे रुळावरून उतरतात. या गाड्या बऱ्याचदा खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाच्या असतात. त्या मापाने सगळा बोरघाट आपल्या वर्गात मांडायचा म्हटले तर रूळ लागतील २९३ मीटर आणि उंची लागेल सहा मीटरच्या वर. म्हणजे कौले काढूनच गाडी बाहेर न्यावी लागेल! म्हणून रुळांना घड्या घालायच्या, भिंतीशी आले की उलट फिरवायचे. ज्याला कुणाला पुठ्ठ्याची आणि काड्यापेट्यांची रेल्वे करायची असेल त्याने आधी कागदावर रूळ काढावेत, मगच कात्री घ्यावी.

कागदावरचे रूळ खडकात उतरवायला मात्र माणसे लागली. १८५६ साली काम सुरू झाले. कड्यावर उभे राहायला जागा नाही, म्हणून मजूर दोराला लोंबकळून पहारीने सुरुंगाची भोके पाडीत. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर माणसे घाटात राबत होती. पटकीच्या साथी येत आणि छावण्याच्या छावण्या ओस पडत. १८५९ साली मजुरी थकली म्हणून मजूर चिडून उठले. त्याच साली पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. दुसरे आले सॉलोमन ट्रेडवेल, ते तर इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका सोडला नाही, माणसे नेमून काम पुढे चालू ठेवले. बर्कलींचे नाव पुस्तकांत येते, या बाईंचेही कुठे कुठे येते. दोरावरच्या मजुरांची नावे काही सापडत नाहीत.

इकडे खंडाळा ते पुणे गाडी १८५८ सालीच सुरू झाली होती. मधला घाट तेवढा राहिलेला. त्यामुळे उतारू खोपोलीला उतरत, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढत आणि वर पुन्हा गाडीत बसत. पाच वर्षे हे असेच चालले.

बर्कलींची प्रकृती इथल्या हवेत आणि कामाच्या ओझ्याने ढासळली. ते मायदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी वारले. वय फक्त बेचाळीस. त्यानंतर आठ महिन्यांच्या आतच, २१ एप्रिल १८६३ रोजी, बोरघाटाचा मार्ग खुला झाला. आपण आखलेल्या घाटातून गेलेली गाडी त्यांना पाहायला मिळाली नाही.

रिव्हर्सिंग स्टेशन पुढे साठ-पासष्ट वर्षे चालले. १९२९ साली नवे बोगदे काढून मार्ग बदलला आणि गाडीचे ते उलटे फिरणे बंद झाले.