तीन ठोके आणि एक नाव

‘रॅपर्स डिलाइट’ ऐकलंय? नसेल तर आज हेडफोन लावाच. रॅपकडे जरा दुर्लक्ष करा आणि खालचा बास ऐका. एकाच सुराचे तीन ठोके, छोटीशी शांतता आणि मग सुरांची पळापळ. जगभर गाजलेलं हे पहिलं रॅप गाणं त्या बासवर उभं आहे. आणि तो बास मुळात ज्याचा, त्याचा या गाण्याच्या रेकॉर्डिंगशी काहीच संबंध नव्हता. त्याचं नाव बर्नार्ड एडवर्ड्स.

बर्नार्डचा जन्म १९५२ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलचा. वाढला मात्र न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. १९७० च्या सुमारास त्याची गाठ गिटारवादक नाइल रॉजर्सशी पडली आणि जोडी जमली ती कायमची. आधी दुसऱ्या गायकांच्या मागे वाजवलं, मग स्वतःचा ‘शिक’ हा बँड काढला. १९७७ च्या थर्टी फर्स्टला ‘स्टुडिओ ५४’ या क्लबच्या दारातून दोघांना परत पाठवलं. घरी जाऊन त्यांनी तो राग वाद्यांवर काढला. त्यातून ‘ल फ्रीक’ जन्मलं आणि थेट नंबर वन झालं!

१९७९ च्या उन्हाळ्यात ‘गुड टाइम्स’ आलं. त्याच जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवला गेला. डिस्कोचे दिवस भरले होते. पण ब्राँक्समधल्या पोरांना ‘गुड टाइम्स’चा बास सापडला होता. डीजे दोन टर्नटेबलवर तीच रेकॉर्ड लावून तोच तुकडा फिरवत ठेवायचे आणि माइकवाले त्यावर यमकं जुळवायचे.

न्यू जर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ‘शुगरहिल गँग’ या नावाने तीन पोरं जमवली. बर्नार्डचा बास दुसऱ्या वादकांकडून स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि साडेचौदा मिनिटांचं गाणं तयार झालं. रेकॉर्डवर बर्नार्ड आणि नाइलचं नावच नव्हतं. नाइलने ते गाणं एका क्लबमध्ये ऐकलं आणि तो उडालाच. दोघांनी कोर्टात खेचण्याची तंबी दिली, तेव्हा कुठे गीतकार-संगीतकार म्हणून त्यांची नावं लागली.

बर्नार्ड तिथे थांबला नाही. नाइलसोबत डायना रॉससाठी ‘अपसाइड डाउन’, पुढे रॉबर्ट पामरच्या ‘अॅडिक्टेड टू लव्ह’ची निर्मिती. एप्रिल १९९६ मध्ये नाइलच्या सन्मानासाठी दोघं टोकियोच्या बुडोकान सभागृहात वाजवायला गेले. बर्नार्ड आजारी होता, तरी स्टेजवर गेला. मध्येच त्याची शुद्ध हरपली, सावरला आणि कार्यक्रम पूर्ण केला. त्यानंतर हॉटेलच्या खोलीतच न्यूमोनियाने तो गेला. वय फक्त ४३.

आता एक हिशेब राहतो. त्या गाण्यातल्या रॅपचा एक मोठा भाग ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतला. तो इतका जसाच्या तसा उचलला की कॅझचं टोपणनावही त्यात राहून गेलं. बर्नार्डकडे नाव होतं, हिट गाणी होती, म्हणून त्याला भांडता आलं. कॅझकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून गाण्याच्या क्रेडिट्समध्ये आज बर्नार्ड सापडतो. कॅझला मात्र गाण्यातच शोधावं लागतं.