लाल्या : नाशिकच्या प्राध्यापकाने लिहिलेला गुंड, दातांच्या डॉक्टरने गाजवलेला

रोल-प्लेइंग गेममध्ये अनेकांना साधूपेक्षा चोर व्हायला आवडतं. वाईट पात्राची ही ओढ मराठी रंगभूमीने डॉ. काशिनाथ घाणेकरांमध्ये पाहिली.

घाणेकर मूळचे चिपळूणचे, पेशाने दातांचे डॉक्टर. १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधल्या संभाजीने त्यांना नाव दिलं, तर १९६६ मध्ये 'अश्रूंची झाली फुले'मधल्या लाल्याने स्टार केलं. दोन्ही नाटकं वसंत कानेटकरांची. ते नाशिकच्या एचपीटी कॉलेजात प्राध्यापक होते.

लाल्या कॉलेजातला गुंड. तत्त्वनिष्ठ प्राचार्य विद्यानंद (प्रभाकर पणशीकर) खोट्या आरोपात तुरुंगात जातात आणि गुन्हेगार होऊन बाहेर येतात. तोवर लाल्या पोलीस अधिकारी झालेला असतो! चांगला-वाईट हा शिक्का कायमचा नसतो, हेच नाटक सांगतं.

लाल्याच्या एन्ट्रीला टाळ्या-शिट्ट्या पडायच्या. पुढे दारूने घाणेकरांच्या करिअरला उतरती कळा लागली. २ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच अमरावतीत त्यांचं निधन झालं.

गेम संपला की आपण पात्र टेबलावर सोडून उठतो. घाणेकर म्हटलं की लोकांना मात्र आजही आधी लाल्याच आठवतो.