बिरबल साहनी

बिरबल साहनी (१४ नोव्हेंबर १८९१ – १० एप्रिल १९४९) हे भारतीय पुरावनस्पतिशास्त्रज्ञ होते. खडकांतील वनस्पतींच्या जीवाश्मांवरून त्या खडकांचे वय, तत्कालीन हवामान आणि भूखंडांची पूर्वीची मांडणी यांचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला. लखनौ येथील पुरावनस्पतिविज्ञान संस्थेचे ते संस्थापक होत.

जीवन

साहनी यांचा जन्म पंजाबमधील भेरा (आता पाकिस्तानात) येथे झाला. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच महाविद्यालयातून १९११ मध्ये पदवी घेऊन बिरबल केंब्रिजला गेले आणि तेथे ए. सी. सिवर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाकडे वळले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळवून ते भारतात परतले. १९२१ पासून अखेरपर्यंत ते लखनौ विद्यापीठात होते. तेथे वनस्पतिशास्त्राबरोबर १९४३ पासून भूशास्त्र विभागही त्यांनी सांभाळला. १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

संशोधन

सिवर्ड यांच्यासह त्यांनी भारतातील गोंडवन वनस्पतींची फेरतपासणी केली (१९२०). पुढे राजमहाल टेकड्यांतील जीवाश्मांवरून विल्यम्सोनिया सिवर्डियाना या वनस्पतीचे पूर्ण रूप त्यांनी उभे केले (१९३२) आणि पेंटॉक्सिली हा लुप्त अनावृतबीजी वनस्पतींचा नवा गट मांडला (१९४८). भारतातील ग्लॉसोप्टेरिस वनश्री आणि चीनकडील जायगँटोप्टेरिस वनश्री आज जवळजवळ आहेत, तरी त्या इतक्या भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना भूखंडवहनात दिसले. बहुतेक भूशास्त्रज्ञ वेगेनर यांची कल्पना नाकारत असतानाच्या काळातील हे मत आहे.

काश्मीरमधील करेवा या सरोवरी निक्षेपांत ओकची पाने सापडतात; आज त्या खोऱ्यात ओक उगवत नाही. पीर पंजाल रांग अलीकडच्या काळात, मानवाच्या आगमनानंतरही, उंचावत राहिली, असे साहनी यांचे प्रतिपादन होते. रांग उंचावल्याने मोसमी वारे अडले आणि खोऱ्याचे हवामान बदलले, असा या पानांचा अर्थ लावला जातो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जवळचे काम दख्खन ट्रॅपविषयीचे आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळात, विशेषतः नागपूर-छिंदवाडा भागात, सिलिकामय झालेल्या वनस्पती सापडतात. हा लाव्हा क्रिटेशस काळातला, अशी जुनी समजूत होती. मोहगाव कलान येथे निपा या ताडवर्गीय वनस्पतीची फळे मिळाली. निपा खाऱ्या दलदलीत वाढते. म्हणजे समुद्राचा फाटा एकेकाळी आजच्या मध्य भारताच्या जवळ असावा. अशीच फळे लंडनच्या इओसीन मातीतही आढळत असल्याने साहनी यांनी ट्रॅपला तृतीयक काळात आणले. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १९४० मधील अध्यक्षीय भाषणाचाही विषय त्यांनी हाच निवडला. किरणोत्सारी पद्धतींनी केलेल्या पुढील मोजणीत मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दोन्ही काळांच्या सीमेवरचे ठरले. या वादात कोणत्याच पक्षाचा पूर्ण पराभव झाला नाही.

पंजाबमधील मिठाच्या डोंगररांगेबाबत मात्र ते चुकले. तेथील क्षारयुक्त थरांतून सूक्ष्म काष्ठतुकडे वेगळे करून त्यांनी ते थर इओसीन ठरवले. आज ते थर कॅम्ब्रियन किंवा त्याहूनही जुने मानले जातात, आणि ते अवशेष नंतर बाहेरून शिरले असावेत असे समजतात. ज्या पद्धतीने दख्खनमध्ये मौलिक पुरावा दिला, तिचीच मर्यादा येथे उघड झाली.

रोहतकजवळील खोकराकोट येथे त्यांना नाणी ओतण्याचे मातीचे साचे सापडले. त्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

संस्था

३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते लखनौतील संस्थेची कोनशिला बसवण्यात आली. ती साहनी यांनी स्वतः तयार केली होती. तिच्यात त्यांनी जमवलेले जीवाश्म जडवले होते. त्यानंतर एका आठवड्यात त्यांचे निधन झाले. संस्थेचे काम पत्नी सावित्री साहनी यांनी पुढे नेले आणि २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंच्याच हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले.