विश्लेषण : मुलाचे व्यक्तिमत्त्व नेमके कुठे घडते? ताराबाई मोडक यांनी डहाणूत शोधलेले उत्तर

डहाणू तालुक्यातील गंजाड हे नाव वारली चित्रकलेमुळे जगभर पोहोचले. जिव्या सोमा म्हसे तिथल्याच एका पाड्यावर राहिले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांच्या लहानपणीची हकिगत अनेकांना ठाऊक आहे. सात वर्षांचे असताना आई गेली आणि मुलाने बोलणेच सोडले. काही सांगायचे झाले की तो मातीत बोटाने चित्र काढून सांगे. पुढे हाच मुलगा मोठा चित्रकार झाला, ‘पद्मश्री’ झाला. पण १९४१ च्या सुमारास, ज्या काळात तो गप्प झाला, त्या काळात या भागात अशा मुलाकडे लक्ष देणारी एकही जागा नव्हती. शाळा होत्या, त्या मोजक्या आणि दूर. पाड्यावरच्या तीन-चार वर्षांच्या मुलाचे मन हा कुणाच्या विचाराचा विषयच नव्हता.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४५ मध्ये, याच तालुक्यातील बोर्डी गावात पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई नेमके याच वयाच्या मुलांसाठी काम करायला आल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. शहरात वीस वर्षे बालशिक्षणाचे सिद्धांत राबवून त्या इथे आल्या होत्या. इथे आल्यावर मात्र त्या सिद्धांतांची बरीच मोडतोड त्यांना स्वतःच्या हातांनी करावी लागली.

सिद्धांत काय सांगत होते?

विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत माणसाचे व्यक्तिमत्त्व कसे घडते यावर जगभर वाद चालू होता. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या मते पहिल्या पाच-सहा वर्षांत मनात जे दडपले जाते तेच पुढे माणसाला चालवते. अमेरिकेतील जॉन वॉटसन यांना मनाच्या आतल्या गोष्टींत रस नव्हता. सवय लावाल तसे मूल घडेल, रक्ताचा आणि घराण्याचा संबंध नाही, असा त्यांचा दावा होता. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी या दोघांपेक्षा वेगळे सांगत होत्या. मूल म्हणजे भरायचे रिकामे भांडे नव्हे आणि वळवायची ओली मातीही नव्हे. ते स्वतःला स्वतःच घडवते. विशिष्ट वयात विशिष्ट गोष्टींची ओढ त्याला आतूनच लागते. भाषा, क्रम, हालचाल, बारीक वस्तू, प्रत्येकाचा एक काळ असतो. मोठ्यांचे काम एवढेच की त्या काळाला साजेशी जागा आणि साधने तयार ठेवायची आणि मध्ये लुडबुड करायची नाही.

इथे एक गोष्ट विसरली जाते. मॉन्टेसरींचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मोकाट राहणारी मजुरांची मुले तिथे होती. म्हणजे ही पद्धत मुळात गरिबांच्या मुलांवरच्या कामातून निघाली. आज आपल्याकडे ‘मॉन्टेसरी’ ही पाटी दिसली की पालक आधी फीचा आकडा विचारतात, हा भाग वेगळा.

ताराबाई या वाटेला कशा लागल्या?

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीने शिकावे यात कुणाला नवल वाटत नव्हते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक या वकिलांशी त्यांचे लग्न झाले. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतीपासून वेगळ्या होऊन, लहान मुलीला घेऊन त्यांनी स्वतंत्र आयुष्य सुरू केले. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारे हे कॉलेज होते आणि एका भारतीय स्त्रीकडे त्याची सूत्रे येणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पगार चांगला, मान मोठा.

ही नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून, मॉन्टेसरींची पुस्तके वाचून १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. एका एकट्या आईने भक्कम पगार सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या शाळेत जाणे लोकांना वेडेपणाच वाटले असणार. बालशिक्षण ही बायकांनी फावल्या वेळात करायची गोष्ट, असा समज तेव्हा सार्वत्रिक होता. तो आजही पुरता गेलेला नाही.

ताराबाईंच्या चरित्रातील हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. पण त्यांच्या कामामागचा खरा प्रश्न इथेच आहे. आईबाप वेगळे झालेल्या मुलीचे मन कसे घडेल, हा त्यांच्यासाठी पुस्तकी विषय नव्हता, घरातलाच होता. इतरांच्या मुलांसाठी त्यांनी आयुष्य दिले आणि त्याची किंमत घराने मोजली, हा पेच मराठी रंगभूमीनेही उचलला. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या आयुष्यावर आधारलेले आहे. नाटकाच्या नावातच सगळे आले.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ मध्ये संस्था उभी केली, तीच पुढे नूतन बाल शिक्षण संघ म्हणून ओळखली गेली. ताराबाई गुजराती शिकल्या, त्या भाषेत लिहू लागल्या, शिक्षिका तयार करू लागल्या. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती त्यांनी चालवली. ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’ अशी त्यांची पुस्तके मराठी पालकांसाठी होती. हट्ट म्हणजे खोड नव्हे, त्यामागे मुलाची काही गरज असते, हे सांगायला तेव्हा धाडस लागत होते. छडी हे शिक्षणाचे मान्यताप्राप्त साधन होते. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले.

बोर्डीला येऊन काय बदलले?

दादरच्या शिशुविहारात मूल आंघोळ करून, पोट भरून, आईचे बोट धरून येत असे. मॉन्टेसरींची साधने मांडलेली असत. लाकडी दट्ट्या, रंगीत पट्ट्या, खरखरीत अक्षरे. मूल स्वतः निवडे, रमे, शिके. सिद्धांत जुळत होता, कारण त्याला लागणारे बाकी सगळे घराने आधीच पुरवलेले असे.

बोर्डीच्या आसपासच्या पाड्यांवर यातले काहीच नव्हते. साधने विकत आणायला पैसे नव्हते, ही अडचण तशी किरकोळ ठरली. बिया, पाने, खडे, शंख-शिंपले, माती यांनी ती सुटली. जड-हलके, लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत हा फरक कळायला इटलीहून आलेला ठोकळा लागत नाही. उलट समुद्रकाठच्या मुलाला शिंपल्यातले बारकावे आधीपासूनच कळत होते.

मोठी अडचण होती ती मुले येतच नव्हती ही. बालवाडी उघडून बसले तरी पाड्यावरचे मूल तिथवर चालत येईना. त्याला घेऊन येणार कोण? आई पहाटेच शेतावर किंवा गवतकापणीला. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कुणाच्या तरी घरासमोरचे अंगण झाडायचे, मुले गोळा करायची, तिथेच त्यांची तोंडे धुवायची, तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगण बालवाडी. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी योजनेमुळे प्रत्येकाला माहीत आहे. ती एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. बोर्डीचे अंगण त्याच्या कितीतरी आधीचे.

या कामात त्यांना १९४५ पासूनच अनुताई वाघ यांची साथ मिळाली. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या आणि ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. कल्पना ताराबाईंची आणि पाय अनुताईंचे, असे कुणी म्हणेल. पण ते अनुताईंवर अन्याय करणारे होईल. रोज पाड्यावर जाणाऱ्यालाच कळते की मूल का येत नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढची कल्पना सुचत नाही.

त्याच वर्षी त्याच भागात दुसरे काय घडत होते?

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारे ‘लग्नगडी’ या लढ्यातून मोकळे झाले. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला, गोळीबारही झाला.

बालशिक्षणाच्या लेखात हे कशाला, असे वाटू शकते. पण एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेला सिद्धांत पाहा. त्यांच्या मते व्यक्तिमत्त्व आठ टप्प्यांत घडते आणि प्रत्येक टप्प्यावर एक झगडा असतो. पहिल्या वर्षात जगावर विश्वास बसतो किंवा बसत नाही. मग स्वतःच्या पायावर उभे राहण्याची हिंमत किंवा लाज. मग पुढाकार किंवा अपराधीपणा. शाळेच्या वयात कर्तबगारीची जाणीव किंवा न्यूनगंड. आता बाप मालकापुढे मान वर करू शकत नाही, हे रोज पाहणाऱ्या मुलात हिंमत कुठून येणार? बालवाडीतल्या गाण्यांनी ती येत नाही. माझ्या मते परुळेकरांची चळवळ आणि ताराबाईंचे अंगण ही एकाच प्रश्नाची दोन टोके होती, आणि पहिले टोक सुटल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता. दोन्ही कामे शेजारी शेजारी चालली, पण त्यांचा एकत्र विचार आपण क्वचितच करतो.

कोसबाडच्या टेकडीवर

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पासष्टीच्या आसपास, ताराबाईंनी मुक्काम घोलवडजवळच्या कोसबाडला हलवला. इथे वस्ती मुख्यतः वारल्यांची. अंगणात बालवाडी भरू लागली तरी सहा-सात वर्षांची मुले प्राथमिक शाळेत टिकत नव्हती, विशेषतः मुली. कारण सोपे होते. कडेवर धाकटे भावंड असे. त्याला टाकून वर्गात बसणार कशी?

यावरचा तोडगा म्हणजे ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण वर्गात, मधला बालवाडीत, तान्हे पाळण्यात. मधल्या सुट्टीत बहीण येऊन बाळाला पाहून जाऊ शकते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तिथेच शिकायचे. दिवसभर मजुरी करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

एरिक्सन यांच्या भाषेत सांगायचे तर न्यूनगंड मुलात नसतो, तो वर्गात तयार होतो. दहा गुरे सांभाळणारा, झाडे आणि पाखरे नावाने ओळखणारा मुलगा कुरणात हुशार असतो. त्याला चार भिंतीत बसवून पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला की तो मठ्ठ ठरतो. कुरणशाळेने मुलाला हुशार असण्याच्या जागेवरून हलवलेच नाही.

या कामावर प्रश्नही विचारता येतात, आणि विचारायला हवेत. मुलांना स्वच्छ करणे, वळण लावणे यात शहरी मध्यमवर्गाच्या घराचा नमुना नकळत पाड्यावर आला नाही का? वारली बोलीला वर्गात किती जागा होती? ताराबाई त्यांच्या काळाच्या आणि वर्गाच्या होत्या, आणि ती मर्यादा त्यांच्या कामात दिसते. मात्र मूल शिकत नाही याचा दोष मुलावर किंवा त्याच्या जमातीवर टाकण्याची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नाही, आणि त्या काळात हे फार थोड्यांनी केले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे देशभर अंगणवाड्या सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी चालवले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत त्या त्याच टेकडीवर होत्या.