केनेडींचा अनामिक आजार

अमेरिकेचे ३५ वे अध्यक्ष जॉन फिट्झगेराल्ड केनेडी यांचे नाव निघाले, की डोळ्यांपुढे उभा राहतो तो उन्हात रापलेला, तजेलदार, हसरा चेहरा. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत रिचर्ड निक्सन यांच्याशी दूरचित्रवाणीवर झालेल्या वादसभेत याच चेहऱ्याने निक्सन यांच्या फिकट, थकलेल्या मुद्रेवर मात केली, असे आजही सांगितले जाते. वास्तविक त्या दोघांत जन्माचा रुग्ण म्हणावा असे केनेडीच होते. त्यांच्या कातडीचा तो रंग निव्वळ सूर्याची देणगी नसावा. ज्या विकाराने त्यांना अनेकदा मरणाच्या दारात नेले, त्याचे कातडी काळवंडणे हे एक ठळक लक्षण आहे.

मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे २९ मे १९१७ रोजी जन्मलेल्या जॅकचे बालपण अंथरुण आणि इस्पितळ यांच्या येरझाऱ्यांत गेले. वयाची तीन वर्षे पुरी होण्याआधी लोहितांग ज्वराने तो मरता मरता वाचला. त्याला चावणाऱ्या डासाचीच धडगत नाही, अशी थट्टा नऊ भावंडांच्या त्या घरात चाले. वसतिगृहाच्या शाळेत वजन घटू लागले, पोटात कळा येऊ लागल्या, थकवा जाईना. १९३४ साली मिनेसोटातील प्रख्यात मेयो क्लिनिकमध्ये त्याला महिनाभर ठेवण्यात आले. तपासण्यांना सीमा राहिली नाही. निदान झाले मोठ्या आतड्याच्या दाहाचे. पुढल्या वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेलेला जॅक आजारी होऊन परतला. प्रिन्स्टन विद्यापीठही त्याला काही आठवड्यांतच सोडावे लागले. त्यानंतर बोस्टनच्या इस्पितळात दोन महिने काढताना डॉक्टरांना रक्ताच्या कर्करोगाची शंका आली. खाटेशी लावलेला तक्ता चोरून वाचणाऱ्या या तरुणाने आपल्या मित्राला लिहिले, की हे लोक मनातल्या मनात माझ्या शवपेटीचे माप घेत आहेत. त्या काळातली त्याची पत्रे अशा चावट, कडवट विनोदांनी भरलेली आहेत. ज्याला आपले काय दुखते हे माहीत आहे, पण का दुखते हे कुणी सांगत नाही, त्याला दुसरा आधार तरी कोणता असणार?

अर्थात बालपणापासूनची प्रत्येक तक्रार त्या एकाच विकाराच्या खात्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. आजार नेमका केव्हा सुरू झाला याविषयी वैद्यकांत आजही एकमत नाही. पोटाचे आणि पाठीचे दुखणे हे स्वतंत्र विषय होते. मात्र त्यामुळेच घोटाळा झाला. जुन्या आजारांची यादी इतकी लांब होती, की प्रत्येक नव्या लक्षणाला त्यातलेच एखादे नाव सहज चिकटवता येई.

युद्धाने या यादीत भर घातली. सैन्याच्या वैद्यकीय चाचणीत नापास झालेले केनेडी वडिलांच्या ओळखीने नौदलात शिरले. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांची पीटी-१०९ ही नौका दुभंगली, तेव्हा एका भाजलेल्या सहकाऱ्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून ते सुमारे चार तास पोहत राहिले. मायदेशी परतल्यावर मात्र अशक्तपणा, ताप, पिवळा पडलेला चेहरा या साऱ्याचे खापर मलेरियावर फुटले. १९४६ च्या काँग्रेसच्या निवडणुकीत चार्ल्सटाउनची मिरवणूक संपता संपता ते कोसळले. तेव्हाही कुणाला वेगळा संशय आला नाही.

निदान झाले ते परक्या देशात. सप्टेंबर १९४७ मध्ये आयर्लंडमधील पूर्वजांचे गाव पाहून लंडनला आलेल्या केनेडींचा रक्तदाब एकाएकी घसरला. चर्चिल यांची पूर्वाश्रमीची सून पामेला यांनी आपले डॉक्टर सर डॅनियल डेव्हिस यांना बोलावले. या डॉक्टरांनी ॲडिसनचा विकार ओळखला. तुमचा हा अमेरिकन मित्र वर्षभरही जगणार नाही, असे त्यांनी पामेला यांना सांगितले. तेव्हा केनेडी तीस वर्षांचे होते. जहाजाने अमेरिकेला परतताना त्यांची प्रकृती एवढी ढासळली, की धर्मगुरूने अंतिम संस्कारही उरकले. वृत्तपत्रांना सांगण्यात आले, मलेरिया उलटला आहे.

लंडनच्याच गाइज हॉस्पिटलमधील थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात आणि ताण, रक्तदाब व शरीरातील मीठ सांभाळणारी संप्रेरके आटतात. हे इतके हळूहळू घडते, की रुग्ण केवळ थकल्यासारखा, रोडावल्यासारखा दिसतो. भूक मंदावते, मळमळते, आणि डॉक्टर पोट तपासत बसतात. एखादा संसर्ग किंवा अपघात झाला म्हणजे मग सारे एकदम कोसळते. कातडीचा रंग तेवढा चुगली करतो, पण समुद्रकिनारी राहणाऱ्या श्रीमंताच्या मुलाच्या बाबतीत त्याकडे कोण लक्ष देणार!

केनेडींचे दैव एवढेच, की औषध नुकतेच हाती आले होते. त्या संप्रेरकाच्या गोळ्या दर काही महिन्यांनी त्यांच्या मांडीच्या कातडीखाली बसवल्या जात. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन उपलब्ध झाले आणि वर्षाची मुदत मिळालेला माणूस सिनेटर होण्याची स्वप्ने पाहू लागला. तरी धोका टळला नव्हता. १९५१ च्या आशिया दौऱ्यात दिल्लीत पंडित नेहरूंची भेट घेऊन ते पुढे गेले आणि ओकिनावात १०६ अंश तापाने फणफणले. ऑक्टोबर १९५४ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेचा हट्ट त्यांनी धरला. ॲडिसनच्या रुग्णाला संसर्ग झाला तर तो जगणे कठीण, हे सांगूनही त्यांनी ऐकले नाही. संसर्ग झालाच. ते बेशुद्धीत गेले आणि पुन्हा एकदा धर्मगुरूला पाचारण करावे लागले. पुढच्याच वर्षी शल्यचिकित्सकांच्या एका अमेरिकी नियतकालिकात अशा रुग्णावर शस्त्रक्रिया कशी करावी यावर लेख आला. त्यात नाव न देता ३७ वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत होती. तो पुरुष कोण, हे ताडायला फारशी हुशारी लागत नव्हती.

ज्या नावासाठी तारुण्याची इतकी वर्षे गेली, ते नाव आता उच्चारायचे नाही असे केनेडींनी ठरवले होते. राजकारणाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे असले, तरी मतदारांच्या दृष्टीने त्याचे समर्थन करणे अवघड आहे. जुलै १९६० मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या समर्थकांनी आजाराचा जाहीर उल्लेख करताच केनेडींच्या गोटाने शब्दांचा आडोसा घेतला. पाठ्यपुस्तकात सांगितलेला ॲडिसनचा विकार त्यांना नाही, असे जाहीर झाले. ॲडिसन यांच्या काळी ग्रंथी बहुधा क्षयाने नष्ट होत. केनेडींना क्षय नव्हता. विधान अक्षराने खरे होते, अर्थाने खोटे.

व्हाइट हाउसमध्ये कॉर्टिसोनबरोबरच थायरॉइडचे औषधही रोज चालू होते, कारण तीही ग्रंथी मंदावली होती. त्यांची बहीण युनिस हिलाही ॲडिसनचाच विकार होता. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या ग्रंथींवर उलटण्याचा हा घराण्यात उतरणारा प्रकार असावा, असे नौदलातील डॉक्टर ली मँडेल यांनी २००९ साली मांडले.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलमध्ये गोळ्या लागलेल्या अध्यक्षांवर शर्थीचे उपचार चालले असताना डॉक्टरांनी ३०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनही दिले. त्यांच्या ग्रंथी काम करीत नाहीत, हे त्या धावपळीत ध्यानी ठेवण्यात आले होते. त्या रात्रीच्या शवचिकित्सेच्या अहवालात मात्र अधिवृक्क ग्रंथींचा शब्दही नाही. शवागारात हजर असलेल्या एका डॉक्टरांनी १९९२ साली सांगितले, की मूत्रपिंडांभोवतीची चरबी बारकाईने शोधूनही त्या ग्रंथी कुठे आढळल्या नाहीत.